हँडहेल्ड जीपीएस: आकडा येतो कुठून आणि चुकतो कुठे

प्रश्न थोडक्यात असा: डोंगरात वापरायला हँडहेल्ड जीपीएस रिसीव्हर घेतला. महिना-दोन महिने पडून राहिला की सुरू केल्यावर बराच वेळ जागा सापडत नाही. दुसऱ्याने लिहून दिलेले अक्षांश-रेखांश टाकले की कधी दोनशे मीटर, तर कधी अर्धा किलोमीटर भलतीकडे नेतो. आणि मुक्कामाच्या जागी नुसता ठेवून दिला तरी दुपारपर्यंत उंची वीस-तीस मीटरने बदललेली असते. खोक्यावर मात्र तीन ते पाच मीटर अचूकता लिहिलेली आहे. यंत्र बिघडले आहे की वापरण्यात काही चुकते आहे?

यंत्र ठीक आहे. पहिल्या तक्रारीचे कारण उपग्रहाच्या संदेशाचा संथ वेग, दुसरीचे आकडे लिहिण्याची पद्धत आणि तिसरीचे बहुधा हवेचा दाब. पण ही कारणे पटायची असतील तर रिसीव्हर मुळात मोजतो काय, हे आधी बघायला हवे. ते एकदा समजले की मेनूतल्या निम्म्या सेटिंगचा अर्थ आपोआप लागतो.

रिसीव्हर उपग्रहाला काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतो. म्हणून त्याला मोबाइलची रेंज लागत नाही की इंटरनेट लागत नाही. जीपीएसचे तीसच्या आसपास उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असते. माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले आणि मी आत्ता कुठे आहे, हे प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो. हा सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी जमिनीवर पोहोचायला त्याला साधारण ६७ ते ८६ मिलिसेकंद लागतात. हा उशीर मोजायचा आणि त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणायचे, की उपग्रहापासूनचे अंतर मिळते.

सगळी अडचण घड्याळाची आहे. एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर ३०० मीटरने चुकते. रिसीव्हरमधले क्वार्ट्झचे घड्याळ दहा लाखांत एका भागाने जरी पुढेमागे चालले, तरी दर सेकंदाला ३०० मीटरची चूक साठत जाते. हातातल्या यंत्रात अणुघड्याळ बसवणे परवडणारे नाही. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञातांच्या जोडीला ‘माझे घड्याळ किती चुकले आहे’ हे चौथे अज्ञात धरले जाते. चार अज्ञातांना चार समीकरणे, म्हणून किमान चार उपग्रह. तीनच दिसत असतील तर रिसीव्हर उंची गृहीत धरून काम भागवतो आणि पडद्यावर ‘२डी’ असे दाखवतो. डोंगरात या २डी फिक्सवर, म्हणजे अशा रीतीने काढलेल्या जागेवर, विसंबू नका. गृहीत धरलेली उंची काही शे मीटरने चुकीची असेल, तर ती चूक आडव्या जागेतही उतरते.

उपग्रहांवरच्या घड्याळांनाही सांभाळावे लागते. वर गुरुत्व कमी म्हणून ती रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा हा फरक काढला नाही, तर अंतराच्या भाषेत दिवसाला ११ किलोमीटरची चूक होईल. म्हणून उपग्रह सोडण्यापूर्वीच घड्याळाची वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झपेक्षा किंचित कमी ठेवतात. सापेक्षतावादाचा हिशेब इथे रोजच्या वापरात चालू आहे, आणि हातातल्या या छोट्या यंत्राची मला सर्वांत सुंदर वाटणारी बाजू तीच आहे.

उशीर मोजायची युक्ती कोडमध्ये आहे. प्रत्येक उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर स्वतःचा १०२३ तुकड्यांचा कोड दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा पाठवतो. तोच कोड रिसीव्हरही आपल्याकडे तयार करतो आणि आलेल्या सिग्नलशी जुळेपर्यंत मागेपुढे सरकवतो. कोडचा एक तुकडा अंतरात २९३ मीटरचा होतो. तो शंभराव्या भागापर्यंत जुळवता आला की साधारण ३ मीटरची मोजणी हाती येते. जमिनीवर पोहोचलेला सिग्नल मात्र इतका क्षीण असतो की तो रिसीव्हरमधल्या नैसर्गिक विद्युत गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. गर्दीच्या कलकलाटात आपल्या घरच्या माणसाची हाक बरोबर कानावर येते, तसा तो केवळ कोड ओळखीचा आहे म्हणून सापडतो. झाड, भिंत, ओला रेनकोट, तुमचे स्वतःचे शरीर यांनी फरक पडतो तो यामुळेच.

सुरू केल्यावर वेळ का लागतो

नुसता कोड जुळून भागत नाही. उपग्रह नेमका कुठे आहे, ही माहिती त्याच्या संदेशातून घ्यावी लागते आणि हा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येतो. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती, म्हणजे एफेमेरिस, १८ सेकंदांत येते आणि दर ३० सेकंदांनी पुन्हा सुरू होते. त्या १८ सेकंदांत झाडाची फांदी आडवी आली आणि तुकडा हुकला, की तो पुढच्या फेरीतच मिळतो. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. एफेमेरिस साधारण चार तासांपुरते कामाचे असते, अल्मनॅक आठवडेच्या आठवडे चालते.

रिसीव्हर महिनोन्‌महिने बंद राहिला, सेल काढून ठेवले किंवा बंद अवस्थेत शेकडो किलोमीटर दूर नेला, की आकाशात कोण कुठे आहे याचा त्याचा अंदाज चुकतो आणि तो सगळे नव्याने शोधतो. उपाय सोपा आहे. मोकळ्या आकाशाखाली, डोंगराच्या किंवा इमारतीच्या कडेपासून दूर, तो एका जागी ठेवा आणि पहिल्या वेळी पंधरा मिनिटे हलवू नका. सुरू करून लगेच झाडीत चालायला लागणे ही इथली नेहमीची चूक. चालताना सिग्नल तुटत राहतो, तुकडे हुकतात आणि अर्ध्या मिनिटाचे काम दहा मिनिटांवर जाते. रोजच्या वापरात निघण्याच्या पाच मिनिटे आधी सुरू केला तरी पुरते.

फोनला हे सगळे क्षणात जमते, कारण तो एफेमेरिस नेटवरून उतरवून घेतो. रेंज नसली तरी फोनचे जीपीएस चालतेच. फक्त पहिला फिक्स उशिरा मिळतो आणि आधी उतरवून ठेवलेला नसेल तर नकाशा दिसत नाही.

जुना रिसीव्हर वापरत असाल तर तारीखही तपासा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत लिहिलेला असतो, म्हणून तो दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये तसे घडले. ज्यांचे फर्मवेअर (यंत्रात बसवलेले सॉफ्टवेअर) सुधारलेले नाही, अशी काही यंत्रे तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. जागा बहुतेकदा बरोबर येते, पण ट्रॅकवरच्या, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीवरच्या, तारखा आणि सूर्योदयाच्या वेळा निरुपयोगी होतात.

आकाश किती दिसते, त्यावर सगळे

पाच उपग्रह डोक्यावर एकाच बाजूला दाटीने असण्यापेक्षा पाच उपग्रह चारी दिशांना पसरलेले असणे कितीतरी चांगले. जवळजवळ समांतर रेषांचा छेदबिंदू नक्की कुठे आहे हे सांगणे कठीण, तसलाच हा भूमितीचा प्रश्न. एचडीओपी नावाचा आकडा तेच सांगतो. अंतराच्या मोजणीत ३ मीटरची चूक असेल आणि एचडीओपी १ असेल तर जागेत ३ मीटरची चूक, एचडीओपी ४ असेल तर १२ मीटरची. अरुंद घळीत हा आकडा चढतो. तिथे अर्धा तास थांबणे शक्य असेल तर थांबा. उपग्रह सरकतात, भूमिती बदलते. जीपीएसच्या उपग्रहांची तीच मांडणी दुसऱ्या दिवशी साधारण चार मिनिटे आधी परत येते, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या बाकीच्या यंत्रणांचे उपग्रह घेण्याची सोय असेल तर झाडीत आणि दरीत ती चालू ठेवा. उघड्या माळावर फारसा फरक पडत नाही आणि बॅटरी मात्र जास्त जाते. एल-५ हा जीपीएसचा दुसरा वारंवारता-पट्टा वापरणारे रिसीव्हर परावर्तनाला कमी फसतात, कारण त्या पट्ट्यातल्या कोडचा तुकडा २९३ ऐवजी २९ मीटरचा असतो.

परावर्तन हे खरे दुखणे आहे. कड्याखाली उभे असताना सिग्नल कड्यावर आपटून येतो, जास्त अंतर कापतो आणि रिसीव्हर त्या लांबलेल्या वाटेलाच खरे अंतर मानतो. पडद्यावरचा ‘±४ मीटर’ हा आकडा भूमिती आणि सिग्नलची ताकद यांवरून काढलेला अंदाज असतो. परावर्तन त्याला नीट कळतच नाही. म्हणून कड्यापाशी तो ४ मीटर दाखवत असतानाही जागा तीस मीटर सरकलेली असू शकते. शिवाय हा आकडा ‘याच्या बाहेर चूक जाणारच नाही’ अशी हमी नव्हे. बहुतेक कंपन्या पन्नास ते सत्तर टक्के वेळा चूक त्या वर्तुळात राहील, एवढ्याच अर्थाने तो देतात. खात्रीसाठी तो दुप्पट धरून चाला.

धरण्याची पद्धतही महत्त्वाची. डोक्यावर दांड्यासारखा अँटेना असलेला रिसीव्हर उभा धरायचा. सपाट चौकोनी अँटेना पडद्यामागे असलेला आडवा, पडदा आभाळाकडे करून धरायचा. छातीशी लटकवला तर मागचे अर्धे आकाश शरीराने झाकले जाते. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या टोकाला किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलेला ट्रॅक पँटच्या खिशातल्यापेक्षा स्पष्टपणे स्वच्छ येतो.

अर्धा किलोमीटर कुठे गेला

आता दुसरी तक्रार. माझ्या मते या तिन्हींत गंभीर हीच, कारण कुणी अडकले असताना बचाव पथकाला आकडे कळवताना हीच चूक होते.

एकच जागा तीन प्रकारे लिहितात: दशांश अंश (२७.७२४६७°), अंश आणि दशांश मिनिटे (२७° ४३.४८०′), किंवा अंश-मिनिटे-सेकंद (२७° ४३′ २८.८″). हे तिन्ही आकडे एकाच अक्षांशाचे आहेत. समजा, मित्राने ‘२७ ४३.४८०’ लिहून दिले आणि तुमचा रिसीव्हर अंश-मिनिटे-सेकंदांवर लावलेला आहे. तुम्ही २७° ४३′ ४८.०″ भरले. खरे सेकंद २८.८ होते, म्हणजे चूक १९.२ सेकंदांची. अक्षांशाचा एक सेकंद जवळपास ३१ मीटरचा, म्हणजे तुम्ही ५९० मीटर उत्तरेला गेलात. रेखांशातही तेच होणार.

ही चूक ओळखायची खूण अशी: ती प्रत्येक बिंदूला वेगळी येते. दशांश भाग .१०० असेल तर सव्वाशे मीटर, .५०० असेल तर सहाशेच्या वर, .६०० किंवा जास्त असेल तर साठ सेकंदांची मर्यादा ओलांडल्यामुळे यंत्र आकडा घेतच नाही. आणि दिशा ठरलेली असते: उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, पूर्व रेखांशात पूर्वेकडे. ‘कधी दोनशे, कधी पाचशे मीटर’ हे तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

याउलट प्रत्येक बिंदू सारख्याच अंतराने, एकाच दिशेला सरकलेला दिसत असेल, तर दोष डेटमचा. पृथ्वीचा आकार कोणता धरला आणि आकडे कुठून मोजले, त्यावर अक्षांश-रेखांश ठरतात. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरते. जुने कागदी नकाशे आपापल्या प्रदेशाच्या डेटमवर काढलेले असतात आणि फरक काही शे मीटरपर्यंत जातो. ग्रीनिचच्या वेधशाळेत, जमिनीवर आखलेल्या मूळ शून्य रेखावृत्तावर जीपीएस घेऊन उभे राहिले तर पडद्यावर शून्य येत नाही. आजच्या पद्धतीतले शून्य रेखांश तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे.

कागदी नकाशा वापरत असाल तर त्याच्या समासात डेटमचे नाव छापलेले असते, ते रिसीव्हरमध्ये निवडा. काम झाले की परत डब्ल्यूजीएस ८४ वर आणा. यात एक बारकावा आहे. रिसीव्हर बिंदू आतमध्ये सहसा डब्ल्यूजीएस ८४ मध्येच साठवतो, डेटम बदलल्याने फक्त दाखवण्याची पद्धत बदलते. त्यामुळे चालताना नोंदवलेले बिंदू नंतर सेटिंग बदलली तरी सुरक्षित असतात. हाताने भरलेले आकडे मात्र त्या क्षणी जो डेटम लावलेला असेल त्यानुसार साठतात आणि ती चूक कायमची आत जाऊन बसते.

कुणालाही जागा कळवताना पद्धत, डेटम आणि उत्तर-पूर्व ही अक्षरे लिहिल्याशिवाय नुसते आकडे देऊ नका. दशांश अंशात पाच दशांश स्थळे पुरेत, पाचवे स्थळ म्हणजे सुमारे एक मीटर.

उंची

आडव्या दिशेत उपग्रह चारी बाजूंना असतात, त्यामुळे चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. उंचीच्या बाबतीत सगळे उपग्रह वरच असतात, खाली एकही नसतो. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड ते दोन पट असते, झाडीत त्याहूनही जास्त.

पण तुमच्या रिसीव्हरमध्ये बॅरोमीटर असेल, आणि ट्रेकिंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असतो, तर उंची मुख्यतः हवेच्या दाबावरून ठरते. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर उंची. उष्ण कटिबंधात हवा अगदी शांत असली तरी दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला वर जातो आणि दुपारी चारच्या आसपास तीनेक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे तंबूत ठेवलेला रिसीव्हर दुपारी आपण पंचवीस मीटर वर चढलो असे दाखवणारच. वादळी हवेत फरक आणखी वाढतो. निघताना माहीत असलेल्या उंचीवर बॅरोमीटर कॅलिब्रेट करा, म्हणजे ती उंची भरून जुळवून घ्या, वाटेत उंची लिहिलेला माथा किंवा खिंड लागली की पुन्हा करा. बॅरोमीटर तासाभराच्या चढ-उतारासाठी उत्तम, दिवसभराच्या उंचीसाठी जीपीएस भरवशाचे. स्वयंचलित कॅलिब्रेशन चालू ठेवले की यंत्र या दोन्हींचा मेळ घालते.

फोनच्या ॲपशी तुलना करताना एवढे बघा की काही ॲप समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवतात. जागेनुसार या दोन्हींतला फरक उणे १०६ पासून अधिक ८५ मीटरपर्यंत असतो.

वाटेवर वापरताना

महत्त्वाच्या जागी वेपॉइंट (यंत्रात साठवलेला बिंदू) नोंदवताना ‘ॲव्हरेजिंग’ वापरा. पाच मिनिटांची सरासरी किरकोळ थरथर घालवते, पण वातावरणामुळे येणारी चूक त्या पाच मिनिटांत बदलतच नाही, म्हणून ती तशीच उरते. पाण्याच्या टाक्याची किंवा गुहेच्या तोंडाची जागा पक्की हवी असेल तर दीड तासाच्या अंतराने दोन-तीनदा नोंद घ्या.

निवडलेल्या बिंदूकडे नेणारी ‘गो टू’ सोय सरळ रेषा दाखवते. मध्ये कडा आहे की नदी, याचे त्याला सोयरसुतक नाही. धुक्यात त्या बाणामागे जाऊ नका. प्रत्येक वळणावर, ओढा ओलांडण्याच्या जागी, वाट फुटते तिथे आधीच वेपॉइंट ठेवून त्यांचा रूट बनवा. परतीसाठी ट्रॅकबॅक, म्हणजे नोंदलेल्या ट्रॅकवरून उलट येणे, सर्वांत सुरक्षित, कारण ती वाट पायांनी सिद्ध केलेली असते. त्यासाठी ट्रॅकची नोंद सुरुवातीपासून चालू हवी. मेमरी भरल्यावर जुना भाग पुसण्याची सेटिंग असेल तर लांबच्या मोहिमेत रोज संध्याकाळी ट्रॅक वेगळा साठवा, नाहीतर ट्रॅकची सुरुवात, म्हणजे परतीचा शेवटचा टप्पाच, पुसला जाईल.

थांबलेले असताना बाण भलतीकडे फिरतो, कारण नुसत्या जीपीएसला दिशा कळते ती चालण्यावरून. दहा-वीस पावले सरळ चाला, मग बघा. इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असेल तर सेल बदलल्यावर प्रत्येक वेळी कॅलिब्रेट करा आणि फोन, चुंबकाचे कव्हर, लोखंडी काठी यांच्यापासून दूर धरा. हातातल्या साध्या होकायंत्राशी ताळा करत असाल तर दोन्हीकडे उत्तर एकच हवी, खरी किंवा चुंबकीय. एका अंशाचा फरक किलोमीटरला साडेसतरा मीटर पडतो.

सेल कोणत्या प्रकारचे आहेत ते मेनूत निवडा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा. प्रकार चुकीचा असेल तर बॅटरीची पट्टी खोटे सांगते. कडाक्याच्या थंडीत लिथियम सेल न्या. परत आल्यावर अल्कलाइन सेल आत ठेवू नका, ते पाझरून संपर्कपट्ट्या खातात.

एकूण अंतराचा आकडाही जपून वाचा. जेवायला तासभर थांबलात तरी जागा दोन-चार मीटर हलत राहते आणि ते अंतर ट्रॅकमध्ये मिळवले जाते. उलट नोंदीचा कालावधी एक मिनिटाचा ठेवला तर नागमोडी वाटेची वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. पायी चालताना पाच ते दहा सेकंद ठीक.

याच कारणाने हँडहेल्डवर मोजलेल्या क्षेत्रफळाबद्दल सावध राहा. प्रत्येक कोपऱ्यात ३ मीटरची स्वतंत्र चूक धरली, तर ३० मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकते. ३०० मीटर बाजूच्या चौरसात तीच चूक दीड टक्क्याच्या आत येते. एकाच फेरीत पटकन फिरलात तर सगळ्या कोपऱ्यांची चूक बरीचशी एकाच दिशेला जाते, त्यामुळे आकार बरा येतो, पण संपूर्ण आकृती जागेवरून सरकलेली असते. हद्द ठरवायला हा रिसीव्हर वापरूच नका. त्या कामाची यंत्रे कोडवर न थांबता १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीचीच मोजणी करतात आणि ज्ञात बिंदूवर ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरशी ताळा जमवून सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात.